कॅमेऱ्याचे तीन अंदाज

आज आपण मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत.

"फोटो काढायला काय शिकायचं? बटण दाबलं की निघतो," असं बऱ्याचजणी म्हणतात. निघतो, हे खरं. पण बचत गटांच्या बैठकांत आमच्या कानावर काय काय येतं ते ऐका. डाळिंबी रंगाच्या गोधडीचा फोटो पाठवला, गिऱ्हाइकाला तो विटकरी दिसला, त्याच रंगाच्या आशेने त्याने गोधडी मागवली आणि पार्सल उघडल्यावर परत पाठवली. जाण्या-येण्याचा खर्च शिवणारीच्या अंगावर. पांढऱ्याशुभ्र पापडाचा फोटो काढला, तर पापड राखेसारखा. सासूबाई गेल्या, भिंतीवर लावायला फोटो शोधायला घेतला, तर मोबाइलमध्ये फोटो पुष्कळ, पण प्रत्येकात चेहरा काळा आणि मागचं दार लख्ख.

महागडा मोबाइल घेऊनसुद्धा ही तिन्ही नुकसानं होऊ शकतात. कारण कॅमेऱ्याला डोळा आहे, पण समोर काय आहे आणि त्यातलं तुम्हाला काय दाखवायचंय, हे त्याला ठाऊक नाही. मग तो दर वेळी तीन अंदाज बांधतो. उजेड किती घ्यायचा, हा पहिला. किती अंतरावरची वस्तू स्पष्ट करायची, हा दुसरा. आणि समोरच्या रंगांत पांढरं कशाला म्हणायचं, हा तिसरा. शिकवणीच्या भाषेत यांनाच एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स म्हणतात. अंदाज बरोबर निघाला की फोटो चांगला येतो. चुकला की तो दुरुस्त करायचा आपण, कारण गोधडीचा खरा रंग आणि सासूबाईंचा खरा चेहरा आपण पाहिलेला असतो.

सुरुवातीला एक साधं काम करा. पदराच्या किंवा रुमालाच्या मऊ, स्वच्छ, सुती टोकाने मोबाइलच्या मागचं भिंग हलक्या हाताने पुसा. दिवसभर आपल्या हाताचं तेल, पीठ, घाम त्यावर बसतो आणि सगळा फोटो धुक्यातला दिसतो. हे झालं की पहिल्या अंदाजाकडे वळू.

उजेड किती घ्यायचा

भिंगाच्या मागे एक छोटी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. मोबाइलमध्ये ती साधारण बोटाच्या नखाएवढी, पुष्कळदा त्याहूनही लहान. तिच्यावर उजेड पडला की चित्र उमटतं. उजेड फार पडला तर चित्र पांढरंफटक होतं, कमी पडला तर काळवंडतं.

चित्र किती उजळ होणार हे तीन गोष्टी ठरवतात. एक, उजेड आत येण्याचं भोक किती मोठं आहे, म्हणजे अॅपर्चर. दोन, तो उजेड किती वेळ आत घेतला, म्हणजे शटर. तीन, आलेला उजेड किती वाढवून वाचला, म्हणजे आयएसओ.

आयएसओ समजायला आपला रेडिओच बरा. स्टेशन लांबचं असलं, आवाज बारीक येत असला, की आपण आवाजाची कळ फिरवतो. बोलणं मोठं होतं, पण खरखरही मोठी होते. आयएसओ वाढवलं की तसंच. अंधारलेल्या खोलीतला फोटो उजळ दिसतो, पण चेहऱ्यावर रवाळ ठिपके येतात. ती उजेडाची खरखर. आयएसओ १०० चं २०० केलं की उजळपणा दुप्पट, ४०० केलं की चौपट.

शटरचा हिशेब सेकंदाच्या भागांत असतो. सेकंदाचा साठावा भाग उघडं ठेवलं त्यापेक्षा तिसावा भाग उघडं ठेवलं तर दुप्पट उजेड येतो. पण तेवढ्या वेळात आपला हात हलला, किंवा समोरच्या पोराने मान वळवली, की चित्र फिसकटतं.

अॅपर्चरचे आकडे मात्र शिकणारीला गोंधळात टाकतात, कारण आकडा मोठा तर भोक लहान. ते आकडे खरं तर भागाकाराचे आहेत. ५० मिलिमीटरचं भिंग असेल आणि आकडा २ असेल, तर ५० भागिले २, म्हणजे भोक २५ मिलिमीटरचं. आकडा १६ असेल तर भोक जेमतेम ३ मिलिमीटरचं. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी ही चढण आहे आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. बहुतेक मोबाइलमध्ये हे भोक एकाच मापाचं असतं, ते बदलता येत नाही. तिथे कॅमेरा शटर आणि आयएसओ या दोहोंवरच भागवतो. ज्या मुली लग्नसमारंभात मोठ्या कॅमेऱ्यावर काम करायला शिकताहेत, त्यांनी मात्र हे आकडे पाठ करून ठेवावेत.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. उजेड कमी असला की कुठे ना कुठे किंमत मोजावी लागते. म्हणून सेटिंगमध्ये शिरण्याआधी वस्तूच उजेडाकडे न्यावी. बल्बपासून दोन फुटांवर ठेवलेली वाटी चार फुटांवर नेली, तर तिच्यावरचा उजेड निम्मा नाही, पाव होतो. तीच वाटी मागे आणली की चौपट उजेड फुकटात मिळतो.

आता कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो कुठे ते पाहू. समोर काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याने एक गोष्ट धरून चालायची ठरवलेली असते, की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे. पडलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत फेकणारा राखाडी. आपल्या अंगणात, झाडाझुडपांत, रस्त्यावर सरासरी काढली तर बहुधा तेवढीच भरते, म्हणून एरवी हा अंदाज चालून जातो.

पण पांढऱ्या ताटात पांढरे पापड मांडले की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फारच झाला. तो उजेड कमी करतो आणि पापड राखाडी होतात. उलट, काळीभोर म्हैस चौकटभर घेतली की त्याला वाटतं, अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि म्हैस धुरकट दिसते. विकायला काढलेल्या म्हशीचा तसा फोटो पाहून कुणी चांगली किंमत सांगेल का?

यावरचा नियम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: पांढऱ्याला उजेड वाढवा, काळ्याला कमी करा. करायचं कसं? पडद्यावर आपल्या वस्तूवर बोट टेकवा. तिथे चौकोन किंवा गोल उमटतो आणि बऱ्याच मोबाइलमध्ये शेजारी सूर्याचं छोटं चित्र येतं. ते बोटाने वर सरकवलं की उजळ, खाली आणलं की गडद. पापड पांढरे दिसेपर्यंत वर सरकवा, पण पापडावरचे फोड आणि जिऱ्याचे दाणे दिसेनासे व्हायच्या आधी थांबा. जिथे फोटो पूर्ण पांढरा झाला तिथली नक्षी नंतर कशानेही परत येत नाही. थोडा गडद राहिलेला भाग मात्र नंतर बराच उजळवता येतो. म्हणून शंका असेल तर किंचित गडद ठेवावा.

दारात बसलेल्या आजींचंही गणित हेच. मागे उन्हाचा लख्ख चौकोन, पुढे घरातल्या सावलीतला चेहरा. उजेडातला एवढा मोठा फरक कॅमेऱ्याला एका फोटोत मावत नाही. तो चेहऱ्याकडे न बघता दाराकडे बघतो आणि चेहरा काळा करतो. नवे मोबाइल चेहरा शोधतात, दोन-तीन फोटो एकत्र करून सांभाळून घेतात, तरी दर वेळी जमत नाही. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे आजींना उठवून दाराकडे तोंड करून बसवायचं आणि आपण पाठ दाराकडे करून उभं राहायचं. त्यांना उठवत नसेल तर त्यांच्या चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्य वर सरकवायचा. मागचं दार पांढरंफटक होईल. होऊ द्यावं, आपल्याला फोटो आजींचा हवा आहे.

चेहऱ्यांवरून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे सावळ्या मुलींचे फोटो वाईट येतात असं सर्रास म्हटलं जातं आणि तो दोष मुलीवर ढकलला जातो. रंगीत फोटो धुण्याच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड देत असे. त्या बाईचा वर्ण नीट आला की यंत्र बरोबर लागलं, असं समजायचं. पहिल्या कार्डावरच्या बाईच्या नावावरून त्यांना शर्ली कार्ड म्हणत. जगभरच्या गडद वर्णाच्या माणसांचे फोटो त्या मापाने धुतले गेले आणि नाक-डोळ्यांचे बारकावे काळ्या डागात बुडाले. पुढे निरनिराळ्या वर्णांच्या बायकांची कार्डं निघाली. म्हणजे खोट चेहऱ्यात नव्हती, मापात होती.

म्हणून सावळ्या चेहऱ्याचा फोटो काढताना त्या चेहऱ्यावरच बोट टेकवा. मागे चुन्याची पांढरी भिंत नको. शेणाने सारवलेली भिंत, झाडी, गडद दार चांगलं. आणि ब्युटी नावाचं जे बटण असतं ते बंद करा. ते सुरकुत्या पुसतं आणि वर्ण उजळवतं. आपल्याला चेहरा गोरा करायचा नाही, नीट दिसू द्यायचा आहे.

नजर कुठे ठेवायची

चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींना फोकस समजावून सांगायची गरजच नाही. सुईत दोरा ओवताना आपण सुई पुढे-मागे करतो आणि एका ठरावीक अंतरावर नेढं स्पष्ट दिसतं. कॅमेऱ्यात सुईऐवजी भिंग पुढे-मागे सरकतं. एका वेळी एका अंतरावरचं सगळ्यांत स्पष्ट, त्याच्या थोडं पुढचं-मागचं ठीक, आणि बाकीचं धूसर.

कोणतं अंतर हा कॅमेऱ्याचा दुसरा अंदाज. तो पुष्कळदा चौकटीच्या मधोमध जे असेल ते, जवळचं असेल ते, किंवा चेहरा, असं धरून चालतो. लोणच्याची बरणी कडेला ठेवली आणि मागे तुळशीवृंदावन मधोमध आलं, तर वृंदावन स्पष्ट आणि बरणी धूसर. उपाय तोच, बरणीवर बोट टेकवायचं. बोट दाबून धरलं तर बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच पक्के होतात. मग हात किंचित सरकला तरी कॅमेरा मन बदलत नाही.

कॅमेरा स्पष्टपणा ओळखतो तो कडांवरून, रेषांवरून. म्हणून एकरंगी साडीच्या सपाट पोतावर, हळदीच्या राशीवर किंवा कोऱ्या भिंतीवर तो चाचपडतो. चित्र सारखं स्पष्ट-धूसर होत राहतं. अशा वेळी त्याला रेघ दाखवा. गोधडीवर टाक्यांच्या ओळीवर बोट टेकवा, साडीत काठ आणि पोत जुळतात तिथे, हळदीच्या वाटीत वाटीच्या कडेवर. माणसाचा फोटो जवळून काढत असाल तर आपल्याकडे असलेल्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट असला की बाकी थोडं इकडे-तिकडे झालेलं चालतं.

फार जवळ गेलं की मात्र भिंगाला जमतच नाही. बाजूबंदाची किंवा भरतकामाची नक्षी दाखवायची म्हणून काहीजणी मोबाइल अगदी टेकवतात. साधारण वीतभर अंतर ठेवून काढा आणि नंतर कडा कापून घ्या. चिमटीने पडदा ओढून मोठं करणं टाळा. बहुतेक मोबाइलमध्ये त्याने कॅमेरा जवळ जात नाही, असलेलं चित्रच ताणून मोठं होतं. दोन पावलं पुढे जाणं केव्हाही बरं.

"फोटो हलला" असं आपण सरसकट म्हणतो, पण धूसर फोटो तीन प्रकारांनी बिघडतो आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. फोटो मोठा करून बघा. मागचं झाड स्पष्ट आहे आणि माणूस धूसर आहे, तर नजर चुकीच्या जागी बसली. बोट माणसावर टेकवून पुन्हा काढा. प्रत्येक गोष्टीला एकाच दिशेने दुहेरी कड दिसते आहे, तर आपला हात हलला. कोपरं पोटाशी घ्या, खांबाला टेका, श्वास सोडून मग बटण दाबा. घर, खाट, भिंत सगळं स्पष्ट आहे आणि फक्त पोर पुसल्यासारखं दिसतंय, तर पोर हललं. तिथे शटर झपाट्याने मिटायला हवं, म्हणजे उजेड जास्त हवा. पोराला ओसरीवर आणा. हातात मोठा कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवा.

मोठ्या कॅमेऱ्यावर अॅपर्चरचा आकडा लहान ठेवला तर स्पष्ट भाग अरुंद होतो. एकट्या नवरीच्या फोटोत ते शोभतं. पण गटाच्या वीसजणी तीन ओळींत बसल्या असतील तर आकडा ८ च्या आसपास न्यावा, नाहीतर मागच्या ओळीतल्या बायका धूसर राहतील.

पांढरं कशाला म्हणायचं

आता गोधडीवर येऊ. रंगाचा घोळ बहुतेक वेळा या तिसऱ्या अंदाजात होतो.

उजेडाला स्वतःचा रंग असतो. आपल्या डोळ्यांना तो सहसा जाणवत नाही, कारण मेंदू सावरून घेतो. पांढरी साडी उन्हात, कंदिलाच्या उजेडात, ट्यूबखाली, कुठेही आपल्याला पांढरीच वाटते. कॅमेऱ्याला मात्र कंदिलाखाली ती पिवळी दिसते आणि सावलीत निळसर.

या रंगाचं माप केल्विनमध्ये सांगतात. उष्णतेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांच्या नावावरून हे नाव पडलं. उष्णतेचा इथे काय संबंध? लोहाराच्या भट्टीजवळ उभं राहून पाहिलं असेल तर लगेच कळेल. लोखंड तापतं तसं आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं आणि फार तापलं की पांढरं दिसू लागतं. त्याहूनही तापत गेलेली वस्तू निळसर झाक देते. म्हणून आकडा लहान तर उजेड तांबूस, आकडा मोठा तर निळसर. मेणबत्तीचा उजेड सुमारे १,९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २,८००, भर दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपास. निरभ्र दिवशी घराच्या सावलीत आकाशाचा निळेपणा येतो, तिथे ७,००० च्या पुढेही जातो.

कॅमेरा समोरच्या सगळ्या रंगांची गोळाबेरीज करतो आणि उजेडाचा रंग काय असेल याचा अंदाज बांधतो. चौकटीत नाना रंग असले तर अंदाज जमतो. पण तुम्ही जवळ जाऊन चौकटभर नुसती डाळिंबी गोधडी घेतली, तर त्याला वाटतं की उजेडच लालसर आहे. तो लाली काढून टाकायला बघतो. उजेड नव्हता लाल, कापड लाल होतं. डाळिंबीची विटकरी व्हायची ती अशी. हिरव्या साडीत तो हिरवेपणा काढतो, पिवळ्या हळदीत पिवळेपणा.

यावर चार गोष्टी करता येतात.

पहिली, चौकटीत थोडं पांढरं किंवा राखाडी येऊ द्या. गोधडीच्या कडेला कोरा पांढरा कागद ठेवा. कॅमेऱ्याला पांढरं ओळखायला खूण मिळते, आणि नंतर फोटो बघताना तुम्हालाही कळतं की कागद पिवळट दिसतोय की निळट. मग तो भाग कापून टाका. कागद जुन्या वहीचा पिवळसर नको, आणि निळीतून काढलेलं धोतर किंवा चादर तर नकोच. निळीची झाक आपल्याला पांढरी वाटते, कॅमेऱ्याला निळी दिसते.

दुसरी, एकाच तऱ्हेच्या उजेडात फोटो काढा. खिडकीतून दिवस येतोय आणि वर पिवळा बल्बही चालू आहे, तर गोधडीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी होणार. अशा फोटोत एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. दिवा बंद करा.

तिसरी, आजूबाजूला काय आहे ते बघा. निळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळे होतात. आंब्याच्या दाट सावलीत पानांतून गाळून आलेला हिरवेपणा अंगावर पडतो. गुलाबी भिंतीजवळ पांढरा पापड गुलाबी होतो. ताडपत्रीखालून चार पावलं बाहेर या.

चौथी, कॅमेऱ्याला सरळ सांगा. मोबाइलमध्ये प्रो नावाची सोय असेल तर तिथे व्हाइट बॅलन्समध्ये ऊन, ढग, सावली, बल्ब अशी चित्रं असतात. ज्या उजेडात उभ्या आहात ते चित्र निवडा. काही ठिकाणी केल्विनचे आकडे असतात आणि तिथे शिकणारी हमखास अडखळते. आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो, उजेड तर निळा व्हायला हवा ना? कारण तुम्ही उजेड बदलत नाही. तुम्ही कॅमेऱ्याला सांगताय, "बाई गं, इथला उजेड निळसर आहे." तो निळेपणा भरून काढायला ती पिवळा रंग घालते. फोटो निळा येत असेल तर आकडा वाढवा, पिवळा येत असेल तर कमी करा.

गोधडीचा फोटो, पहिल्यापासून

आता हे सगळं एका कामात ओवून बघू. वेळ सकाळी नऊ-दहाची किंवा दुपारी चारनंतरची. भर दुपारचं उभं ऊन नको, त्यात टाक्यांच्या सावल्या काळ्या पडतात आणि उजळ रंग फटफटतात. ओसरीवर, थेट ऊन न येणाऱ्या पण भरपूर उजेडाच्या जागी दोरीवर गोधडी पसरा. उजेड एका बाजूने आला तर टाक्यांचे उंचवटे उठून दिसतात. घरातले दिवे बंद. भिंग पुसलेलं. कडेला पांढरा कागद.

मोबाइल गोधडीला समांतर धरा, म्हणजे वरचा भाग रुंद आणि खालचा अरुंद दिसणार नाही. टाक्यांच्या ओळीवर बोट टेकवून दाबून धरा. कागद पांढरा पण नक्षी शाबूत, इतका उजेड ठेवा. कोपरं अंगाशी. पहिला फोटो पूर्ण गोधडीचा, दुसरा वीतभरावरून टाक्यांचा, तिसरा मागच्या बाजूचा. चौथ्यात ओळखीची वस्तू शेजारी ठेवा, म्हणजे माप कळेल.

मग मोबाइल गोधडीजवळ नेऊन दोन्ही रंग शेजारी-शेजारी पाहा. जमला नसेल तर फोटो सुधारण्याच्या ठिकाणी निळ्याकडून पिवळ्याकडे सरकणारी पट्टी असते, ती कागद पांढरा होईपर्यंत हलवा. रंग जास्त भडक करणारी पट्टी मात्र हलवू नका. भडक फोटोने एक गोधडी विकली जाईल, पण ती परत येईल आणि गिऱ्हाईक जाईल.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदा आपल्यासारखाच रंग दाखवेल याची खात्री नसते. तेव्हा फोटोखाली रंग शब्दांतही लिहा. आपल्या भाषेत रंगांना काय कमी नावं आहेत? डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, चिंतामणी. नुसतं 'लाल' लिहिण्यापेक्षा 'पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा' लिहिलं तर फसगत टळते.

एक फरक मात्र पाळा. पिकाचं नुकसान, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत यांचे फोटो पुराव्यासाठी असतात. त्यांत काढतानाच उजेड आणि नजर नीट साधा. नंतर काहीही सुधारू नका, कापू नका. एक फोटो लांबून, ज्यात शेजारची विहीर, रस्ता, घर असं ओळखू येणारं काही असेल. मग एक मधल्या अंतरावरून आणि एक जवळून. मूळ फोटो पुसू नका.

आठवड्याचा अभ्यास

होमाई व्यारावाला हे नाव तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. १९१३ साली नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुढे स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी कॅमेऱ्यात पकडली, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर फक्त बारा फोटो निघत. फोटो कसा आला हे रोल धुतल्यावरच कळायचं. उजेड बघायचा, अंतर जोखायचं, भोक आणि वेळ स्वतः ठरवायची, मगच बटण दाबायचं. आज ते अंदाज मोबाइल बांधतो म्हणून आपण बघायचंच सोडून दिलंय.

म्हणून या आठवड्यात आपणही बारा फोटोंचाच हिशेब ठेवू. घरातला एक पितळी तांब्या घ्या, किंवा घरात कुणी तयार असेल तर एक चेहरा. पहिले चार फोटो उजेडाचे: खिडकीकडे तोंड, खिडकीकडे पाठ, पाठ असतानाच चेहऱ्यावर बोट टेकवून, आणि सूर्य वर सरकवून. पुढचे चार नजरेचे: बोट जवळच्या वस्तूवर, लांबच्या वस्तूवर, सपाट कापडावर आणि कापडाच्या काठावर. शेवटचे चार रंगाचे: उन्हात, सावलीत, पिवळ्या बल्बखाली, आणि बल्ब-खिडकी दोन्ही मिळून, चारही वेळा शेजारी तोच पांढरा कागद. प्रत्येक फोटोआधी कॅमेरा काय समजेल ते मोठ्याने सांगा, मग काढा आणि पडताळून बघा. मुलींना सोबत घ्या, त्यांना मोबाइलची बटणं पटापट सापडतात, आणि रंग ओळखायला आज्या पक्क्या असतात.

कुणाचाही फोटो काढण्याआधी आणि तो पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला विचारायचं, हे वेगळं सांगायला नको.

आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर या आठवड्यातला एक फोटो त्यांचा काढा. सकाळच्या वेळी, दाराकडे तोंड करून, डोळ्यावर बोट टेकवून, ब्युटीचं बटण बंद ठेवून. त्यांना तो दाखवा आणि बाजारात गेल्यावर कागदावर छापून आणा. पुढच्या भागात मोबाइलमधले फोटो सांभाळून कसे ठेवायचे ते बघू. तोवर नमस्कार.